नाळ का उचलते

आऊटबोर्ड मोटर म्हणजे बोटीच्या पोटात न बसवता तिच्या मागच्या टोकाला बाहेरून अडकवलेले इंजिन होय. वर इंजिन, खाली उतरणारा उभा दांडा, त्याच्या तळाशी दातेरी चाकांची पेटी आणि पंखा हे सर्व एकाच सांगाड्यात असल्यामुळे लहान आकाराची अशी मोटर दोन माणसांना काढता-लावता येते, उथळ पाण्यात वर उचलून ठेवता येते आणि वेगळे सुकाणू न बसवता तीच डावी-उजवीकडे फिरवून बोट वळवता येते. मूळचे नॉर्वेचे असलेले ओले एव्हिन्रूड यांनी अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९०९ साली बाजारात आणलेली मोटर दीड अश्वशक्तीची आणि सुमारे २८ किलो वजनाची होती; तिच्या आधीही असे प्रयत्न झाले होते, परंतु वल्ह्यांच्या बोटीला इंजिन जोडण्याची ही पद्धत खऱ्या अर्थाने रुळली ती एव्हिन्रूड यांच्या मोटरीपासून. आज कोकणच्या खाड्यांतून आणि किनाऱ्यालगत जाळी टाकणाऱ्या फायबरच्या लहान होड्यांवर दिसणारी यंत्रे शक्तीने तिच्या कितीतरी पट असली, तरी त्यांची मांडणी तीच आहे, आणि त्या मांडणीतून निर्माण होणारी अडचणही तीच आहे.

ही अडचण वजनाच्या जागेची आहे. बोटीतील सर्वांत जड एकसंध वस्तू तिच्या अगदी शेवटच्या टोकाला, किंबहुना टोकाच्याही बाहेर, लटकलेली असते. त्या वस्तूचे हँडल आखूड असल्याने चालवणाऱ्याला तिच्या शेजारीच बसावे लागते. आणि नळी आखूड असल्यामुळे पेट्रोलची टाकीही बहुधा त्याच्या पायाशीच येते. बोट रिकामी असताना तिची नाळ, म्हणजे पुढचे निमुळते टोक, हवेत आणि पिछाडी पाण्यात रुतलेली दिसते, याचे कारण एवढेच आहे. लहान बोट चालवण्याविषयी जे गैरसमज आढळतात त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी, वजनाच्या मांडणीतला हा दोष थ्रॉटल वाढवून, म्हणजे इंजिनाला अधिक इंधन देऊन, दूर होईल ही समजूत असते. काही वेळा तो खरोखरच दूर झाल्यासारखा वाटतो, म्हणून ही समजूत टिकून राहते.

तरंगणाऱ्या बोटीवर स्थिर पाण्यात दोनच बले काम करतात. बोट व तिच्यातील सर्व वस्तू यांचे एकत्रित वजन ज्या एका बिंदूतून खाली खेचते असे मानता येते तो गुरुत्वमध्य, आणि बोटीने बाजूला सारलेल्या पाण्याचा उचलणारा जोर ज्या बिंदूतून वर ढकलतो तो प्लवनमध्य. हे दोन बिंदू एकाच उभ्या रेषेत येईपर्यंत बोट पुढे किंवा मागे झुकत राहते. पुढे-मागे होणाऱ्या या झुकावाला नौकाशास्त्रात ट्रिम म्हणतात, आणि डाव्या-उजव्या झुकावाला हील. बोट आडवी कलली असता ती पुन्हा सरळ होईल की उलटेल, हे ठरवणारा मेटासेंटर हा बिंदू पिएर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. 

ट्रिमचा हिशेब मात्र कागद-पेन्सिलीने सहज करता येतो. सुमारे पाच मीटर लांबीची, १६० किलो वजनाची एक उघडी बोट घेऊ या, आणि सर्व अंतरे ट्रान्समपासून, म्हणजे ज्या सपाट उभ्या फळीवर मोटर अडकवतात त्या मागच्या फळीपासून, मोजू या. नुसत्या बोटीचा गुरुत्वमध्य ट्रान्समपासून २.१ मीटर पुढे आहे. ५० किलोची मोटर ट्रान्समच्या १० सेंटिमीटर मागे आहे. ७० किलोचा चालक ६० सेंटिमीटरवर बसला आहे. आणि २५ लिटर पेट्रोलने भरलेली, एकूण २० किलोची टाकी ५० सेंटिमीटरवर ठेवली आहे. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणून, बेरीज करून, ३०० किलोच्या एकूण वजनाने भागले की गुरुत्वमध्य ट्रान्समपासून १.२८ मीटरवर येतो. आता दुसरे काहीही न बदलता फक्त टाकी उचलून साडेतीन मीटरवर, नाळेच्या बाजूला, ठेवली तर हाच बिंदू १.४८ मीटरवर जातो. हँडलाला पाइपची जोड देऊन चालक ७० सेंटिमीटर पुढे सरकून बसला, तर आणखी १६ सेंटिमीटरची भर पडते. एका रुपयाचेही जादा इंधन न जाळता गुरुत्वमध्य एकूण ३६ सेंटिमीटर पुढे आला, आणि पाच मीटरच्या बोटीत हे अंतर बोटीचा स्वभाव पालटून टाकण्याइतके मोठे असते. टाकी पुढे नेल्यास नळी लांब लागते, ती कोठे दबणार वा मुरगळणार नाही हे पाहावे लागते आणि टाकी घट्ट बांधावी लागते. परंतु अधिक शक्तीची मोटर विकत घेण्याच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे. शिवाय अधिक शक्तीची मोटर अधिक जड असते आणि तिचे वजन पुन्हा त्याच चुकीच्या जागी पडते.

बोट चालू लागली की पाण्याच्या हालचालीतून नवी बले येतात, आणि थ्रॉटलचा प्रश्न येथे सुरू होतो. हलक्या वेगात बोट पाणी बाजूला सारत जाते. तिच्या नाळेपाशी एक लाट उठते, आणि ती लाट बोटीच्याच वेगाने तिच्याबरोबर चालत असल्यामुळे तिची लांबी बोटीच्या वेगावरून ठरते. खोल पाण्यातील लाटेचा वेग तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजेच वेग वाढला की लाट लांब होते. पाण्याच्या रेषेवर साडेचार मीटर लांब असलेल्या बोटीचा वेग ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास पोहोचला की लाटेची लांबी बोटीएवढी होते: एक शिखर नाळेखाली, दुसरे पिछाडीखाली. याहून वेग वाढवला की दुसरे शिखर पिछाडीच्या मागे सरकते, पिछाडी दोन शिखरांमधल्या खळग्यात उतरते, नाळ पहिल्या शिखरावर चढते, आणि बोट स्वतःच उठवलेल्या पाण्याचा चढ चढत असल्यासारखी चालू लागते. पिछाडी आधीच जड असेल तर ती या खळग्यात अधिक खोल बसते. नाळ का उचलते, याचे उत्तर असे दुहेरी आहे: अर्धे कारण वजनात असते आणि अर्धे पाण्यात.

वेग, लांबी आणि लाट यांचे हे नाते प्रयोगाने पक्के करणारे विल्यम फ्रूड यांनी इंग्लंडमधील टॉर्की येथे १८७२ साली लहान प्रतिकृती ओढून प्रतिकार मोजण्याचा तलाव सुरू केला. त्याच वर्षी चार्ल्स रेमस नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने, जहाजाच्या तळाला उतरत्या पायऱ्या दिल्यास ते पाणी सारत जाण्याऐवजी पाण्यावरून सरकत जाईल, अशी सूचना ब्रिटिश नौदलाकडे पाठवली. फ्रूड यांनी तिच्या प्रतिकृती तपासल्या. कल्पना चुकीची नव्हती, परंतु त्या काळातील वाफेच्या अवजड इंजिनांना एवढा वेग गाठणे शक्य नव्हते, त्यामुळे ती बाजूला पडली. पाण्यावरून सरकण्याची ही अवस्था, जिला प्लेनिंग म्हणतात, आज दहा-पंधरा अश्वशक्तीची मोटर लावलेल्या हलक्या होडीलाही साधते, आणि आऊटबोर्डच्या बोटीत बसणाऱ्याला वेगाचा जो आनंद मिळतो तो सगळा तिच्यामुळे मिळतो.

या दोन अवस्थांच्या मधला टप्पा मात्र त्रासाचा असतो. वर उदाहरणादाखल घेतलेल्या बोटीसाठी तो ताशी दहा किलोमीटरच्या पुढे सुरू होतो आणि भार व तळाचा आकार यांप्रमाणे साधारण वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत संपतो. या टप्प्यात प्रतिकार एखाद्या उंचवट्यासारखा वाढतो, नाळ इतकी वर येते की बसलेल्या चालकाला समोरचे पाणी दिसत नाही, मागे उंच फेसाळ लाट उठते आणि इंधन बेसुमार जळते. हा उंचवटा झटकन ओलांडावा किंवा त्याच्या अलीकडेच थांबावे; त्याच्यावर रेंगाळत राहणे हा बोट चालवण्याचा सर्वांत महागडा प्रकार आहे, आणि दुर्दैवाने तोच सर्वांत जास्त दिसतो. भार लादलेली बोट घेऊन, थ्रॉटल तीन चतुर्थांश उघडून, नाळ आकाशाकडे केलेला चालक आपण वेगात चाललो आहोत असे समजत असतो, परंतु थ्रॉटल निम्म्यावर आणले तरी त्याचा वेग फारसा घटणार नसतो.

थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा, व तिच्याबरोबर इंधनाचा, मार्ग कमी-जास्त उघडणारी झडप. लहान मोटरीत ती हँडलाची मूठ पिळून उघडतात. मुठीवरच्या खुणा वेगाच्या नसतात, ही साधी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पंखा जी शक्ती शोषून घेतो ती त्याच्या फेऱ्यांच्या ढोबळमानाने तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे पूर्ण फेऱ्यांच्या ८० टक्के फेऱ्यांवर मोटर चालवली तर लागणारी शक्ती जवळजवळ निम्मीच असते. प्लेनिंगच्या अवस्थेत आल्यावर थ्रॉटल थोडे मागे घेतले तरी बोट खाली बसत नाही, कारण उंचवटा चढायला जेवढी शक्ती लागली तेवढी पलीकडे टिकून राहायला लागत नाही. मात्र थ्रॉटल किती मागे घेता येईल, याची मर्यादा वजनाची मांडणी ठरवते: भार पुढे सरकवून ठेवलेली बोट कमी वेगातही पाण्यावर टिकते, पिछाडी जड असलेली बोट लगेच बसते.

पाण्यावरून सरकणाऱ्या तळाचा पाण्याशी कोन किती असावा, या प्रश्नावर अमेरिकेतील स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या डॅनियल साविट्स्की यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेला निबंध आजही आधारभूत मानला जातो. साध्या तळासाठी कमीत कमी प्रतिकाराचा कोन चार अंशांच्या आसपास येतो. साडेचार मीटरच्या बोटीत चार अंश म्हणजे पुढच्या आणि मागच्या टोकांच्या उंचीत सुमारे ३० सेंटिमीटरचा फरक. चालकाला समोर सहज दिसावे आणि नाळ तरीही लाटेत घुसू नये, एवढाच. याहून कोन वाढला की पाणी खाली ढकलण्यातच शक्ती जाते. कमी झाला की तळाचा जास्त भाग पाण्याला घासत राहतो आणि नाळ जड होऊन बोट हवी तशी वळत नाही. वजन फार मागे असेल आणि वेग वाढवला, तर आणखी एक प्रकार घडतो: नाळ लयीत वर-खाली आदळू लागते, आणि थ्रॉटल वाढवले की आदळणे वाढते. डॉल्फिनसारख्या दिसणाऱ्या पॉर्पस या प्राण्याच्या उड्यांवरून त्याला पॉर्पसिंग म्हणतात. त्यावर तत्काळ उपाय थ्रॉटल कमी करण्याचा, आणि खरा उपाय कोणालातरी पुढच्या फळीवर बसवण्याचा.

मोटरीच्या पकडीत ओळीने भोके असतात आणि त्यांतल्या एकात आडवी खीळ असते. ही खीळ कोणत्या भोकात आहे यावर मोटर ट्रान्समशी किती कोनात राहील हे ठरते. मोटरीचे खालचे टोक ट्रान्समच्या जवळ घेतले की पंख्याचा जोर पिछाडीला किंचित उचलतो व नाळ खाली येते. टोक मागे सोडले की पिछाडी दाबली जाते व नाळ वर येते. एकटा चालक असताना खीळ ट्रान्समजवळच्या भोकात आणि पुढे दोन माणसे बसली की एक-दोन भोके मागे, एवढा बदल सहसा पुरतो. तरीही अनेक मोटरींची खीळ विकत घेतल्या दिवसापासून एकाच भोकात गंजलेली आढळते. मोटरीची उंचीही येथे महत्त्वाची आहे. पंख्याच्या वर जी आडवी पाती असते ती साधारण बोटीच्या तळाच्या पातळीत असावी लागते; फार वर असली, किंवा बोट वळताना कलली, की पंखा पृष्ठभागावरची हवा ओढून घेतो, इंजिनाचे फेरे एकदम वाढतात, आवाज चढतो आणि बोट मात्र ढिली पडते. अशा वेळी मूठ आणखी पिळणे निरर्थक असते. ती सैल करून पंख्याला पुन्हा सलग पाणी मिळू द्यावे लागते.

भार वाढला की पंखाही बदलावा लागतो, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, एक व्यासाचा आणि दुसरा पिचचा; पिच म्हणजे पाणी घन असते तर एका फेऱ्यात पंखा जितका पुढे गेला असता ते अंतर. पूर्ण थ्रॉटलवर मोटरीने मिनिटाला ५,००० ते ६,००० फेरे करावेत असे तिच्या पुस्तिकेत लिहिले असेल आणि मासळी, बर्फ व ओले जाळे भरलेल्या बोटीत ती जेमतेम ४,३०० वर अडकत असेल, तर इंजिनाची दमछाक होत आहे. पिच एका इंचाने कमी केला की फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. रिकाम्या बोटीत वेगवान ठरलेला पंखा भरलेल्या बोटीत इंजिनाचे आयुष्य कमी करतो.

आडव्या तोलात चालकाच्या जागेला एक वेगळे कारण आहे. मागून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा पंखा बोटीला उलट दिशेने, म्हणजे डाव्या बाजूवर, किंचित कलवतो. चालक उजव्या बाजूला बसून डाव्या हाताने हँडल धरतो तेव्हा त्याचे वजन हा कल आपोआप भरून काढते. तो तोल जाऊन पाण्यात पडला तर दोन्ही गोष्टी एकदम जातात: वजन जाते आणि हँडलावरचा हातही जातो, मोटर एका बाजूला वळते आणि उघड्या थ्रॉटलवरची बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते. मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची पिळदार दोरी, जी सुटली की इंजिन बंद पडते, ती यासाठी असते. अमेरिकेत २६ फुटांखालील बोटींवर ती वापरणे १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक झाले. तेथे २० फुटांखालील मोटरबोटींवर किती माणसे, किती वजन आणि किती अश्वशक्ती चालेल याची पट्टीही लावलेली असते. ही पट्टी उपयुक्त आहे, परंतु ती किती हे सांगते, कोठे हे सांगत नाही. पट्टीवरच्या मर्यादेत राहूनही सगळी माणसे एका काठावर वाकली की बोट उलटू शकते.

सर्वांत अविश्वासू भार पाण्याचा असतो. तीन मीटर लांब व सव्वा मीटरहून थोड्या कमी, १.२ मीटर, रुंदीच्या तळावर अवघे पाच सेंटिमीटर पाणी साठले तर त्याचे वजन १८० किलो होते, आणि हे वजन बांधून ठेवता येत नाही. थ्रॉटल उघडले की ते मागे धावते व पिछाडी दाबते, सोडले की पुढे धावते, आणि बोट जराशी कलली की कललेल्या बाजूलाच गोळा होऊन कल वाढवते. उपसण्याचे भांडे हातापाशी ठेवणे हा वजनाच्या मांडणीचाच भाग आहे.

थ्रॉटल वाढवण्याइतकेच ते सोडणेही विचाराने करावे लागते. उंचवट्याच्या वेगात मागे उठलेली लाट बोटीच्याच वेगाने चालत असते. चालकाने मूठ एकदम सोडली की बोट थांबते, लाट थांबत नाही, आणि मोटरीसाठी कापून ठेंगणी केलेल्या ट्रान्समवरून ती थेट आत येते. मालवणजवळ देवबाग येथे कर्ली खाडी समुद्राला मिळते तशा उथळ, वाळूच्या मुखांतून बोट काढताना हा धोका दुणावतो. ओहोटीचा प्रवाह बाहेर वाहत असताना समोरून येणाऱ्या लाटा आखडतात, उभट होतात आणि लवकर फुटतात. बाहेर पडताना नाळ किंचित हलकी असावी पण वाऱ्याने उलथण्याइतकी नव्हे, आणि प्रत्येक लाटेच्या चढावर थ्रॉटल थोडे वाढवून शिखर येण्यापूर्वीच कमी करावे, म्हणजे बोट पलीकडच्या उतारावर आदळत नाही. परतताना लाटा मागून येतात आणि वजनाचा सगळा हिशेब उलटा होतो. आतापर्यंत जी पिछाडी जड म्हणून टाकी पुढे नेली होती, तीच आता किंचित जड ठेवणे हिताचे असते, कारण लाटेच्या उतरणीवर घसरताना नाळ खळग्यात रुतली तर पिछाडी बाजूला फिरते व बोट लाटेला आडवी येऊन उलटते. म्हणून मुखाबाहेरच थांबून पुढच्या माणसांना मध्यावर घ्यावे, भाराला बांधलेल्या दोऱ्या तपासाव्यात, मोठ्या लाटांची रांग जाऊ द्यावी आणि तिच्या शेवटच्या लाटेच्या पाठीवर, शिखराच्या थोडे मागे, बोट बसवावी. तेथून किनारा येईपर्यंत मूठ अशी धरावी की पुढचे शिखर ओलांडले जाणार नाही आणि मागची लाट गाठणार नाही.